टाकी भरत नाही हो आमची!

गावाकडचं नवं घर बघायला पाहुणा आला की घरमालक त्याला ठरलेल्या क्रमाने फिरवतो. हॉल, देवघर, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, गच्ची. पाहुणा चहाच्या आशेने सोफ्याकडे वळतो तोच मालक त्याला परसात नेतो, दोन कडप्प्यांवर उभा करतो आणि छाती पुढे काढून म्हणतो, ‘‘आता तुम्ही टाकीवर उभे आहात! दहा बाय सहा, खोली आठ फूट. माझी हयात गेली तरी भरायची नाही.’’ पाहुणा तसूभरही हलत नाही. ‘‘आमची चोवीस वर्षं झाली,’’ तो शांतपणे सांगतो, ‘‘अजून झाकण उघडलेलं नाही.’’ या एका वाक्यासरशी मालकाचा कोरा करकरीत बंगला जुनाट दिसू लागतो.

मराठी मुलखात न भरणारी विहीर ही नामुष्की आणि न भरणारी टाकी ही प्रतिष्ठा.

अडचण एवढीच, की सेप्टिक टाकी मुळात भरलेली असण्यासाठीच बांधतात. जड ते तळाशी बसतं, हलकं ते सायीसारखं वर तरंगतं आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यातून शोषखड्ड्याकडे निघून जातं. आत तांब्याभर गेलं की बाहेर तांब्याभर पडलं पाहिजे. म्हणजे चांगली टाकी पहिल्या काही दिवसांत पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि पुढे जन्मभर तेवढीच भरलेली राहते. वाढत जातो तो तळचा गाळ. तो दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. चोवीस वर्षं जिची पातळी चढलीच नाही, तिच्यातलं पाणी चोवीस वर्षं कुठेतरी जात होतं. कुठे, ते शेजाऱ्याच्या विहिरीला विचारावं.

आकाराच्या बाबतीत सरकारी कागद आणि गावचा गवंडी यांचं कधीच जमलेलं नाही. भारतीय मानक संस्थेचं ‘आयएस 2470’ नावाचं एक मानक आहे. त्याच्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत मीटरभर पाणी राहील अशी टाकी पुरते. म्हणजे साधारण 1,100 लिटर. गवंड्याला हे सांगून बघा. तो आधी हसतो, मग बिगाऱ्याला बोलावून त्यालाही हसायला लावतो. ‘‘साहेब, एवढ्यात कोंबड्या डालता येतील. टाकी म्हणायची तर दहा-सहा-आठ!’’ हा हिशेब 13,600 लिटरच्या आसपास जातो, म्हणजे गरजेच्या बारापट. घरात माणसं पाच. त्यांपैकी दोन पुण्यात.

गवंड्याचं बोलणं मोडायची कुणाची टाप नसते, कारण आर्किटेक्टने काढलेल्या नकाशात टाकीच्या जागी फक्त एक चौकोन असतो आणि त्यात ‘एस. टी.’ अशी दोन अक्षरं. मधली भिंत किती उंच, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीला ‘टी’ कुठे, हे गवंड्याच्या डोक्यात असतं. त्याच्या डोक्यात ते त्याच्या उस्तादाकडून आलेलं असतं, आणि उस्तादाने ते कुणाकडून घेतलं हे विचारण्याची पद्धत नाही. मालक आपला टाइल्सच्या दुकानात चार दिवस घालवतो. बाथरूमच्या भिंतीवर डॉल्फिन हवा की कमळ, यावर घरात मतदान होतं. टाकीचा विषय मात्र ‘बघून घ्या तुम्ही’ एवढ्यावर मिटतो.

आणि तो बघून घेतो. सगळं बांधकाम झाल्यावर हळू आवाजात विचारतो, ‘‘खाली कोबा करायचा का, की राहू द्यायचं तसंच? तसंच ठेवलं तर भरायची नाही.’’ हेच ते चोवीस वर्षांचं गुपित. तळाला काँक्रीट नाही, आतून गिलावा नाही. तिला टाकी म्हणायचं ते केवळ वर झाकण आहे म्हणून. एरवी तो एक प्रशस्त खड्डाच. कोकणात जांभ्याच्या सच्छिद्र चिऱ्यांत असा खड्डा बांधला, की पाणी कसं भुर्रकन नाहीसं होतं. देशावरच्या काळ्या मातीत उलटा प्रकार. ती माती पावसात फुगते आणि पाणी जिरवून घ्यायला साफ नकार देते. मग टाकीचा पाइप गुपचूप रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडला जातो आणि घरमालक ग्रामसभेत डासांविषयी तावातावाने बोलतो.

जागा ठरवताना तर खरी कसरत. मानक सांगतं, शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर, म्हणजे जवळजवळ 60 फूट लांब हवा, आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर. आता गुंठेवारीतला एक गुंठा प्लॉट घ्या. 33 फूट बाय 33 फूट. त्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी दोरी ताणली तरी ती 47 फुटांच्या आतच संपते. म्हणजे विहीर एका टोकाला आणि शोषखड्डा दुसऱ्या टोकाला, असं दोघांचं हाडवैर असल्यासारखं बसवलं, तरी नियम 13 फुटांनी हुकतो. घर कुठे बांधायचं हा प्रश्न तर अजून आलेलाच नाही.

इथे वास्तुशास्त्रवाला प्रवेश करतो. त्याचा सल्ला ठाम असतो: पाणी ईशान्येला, टाकी वायव्येला. त्याचं कारण तो देतो ते राहू द्या, पण निदान विहीर आणि टाकी दोन वेगळ्या कोपऱ्यांत गेल्या, हे काही वाईट नाही. फक्त एक बारीकशी भानगड होते. सगळ्या आळीने हाच सल्ला मानला, तर तुमचा वायव्य कोपरा म्हणजे पश्चिमेच्या शेजाऱ्याचा ईशान्य कोपरा. तुमची टाकी शास्त्राप्रमाणे, त्याची बोअर शास्त्राप्रमाणे, आणि दोघींच्या मध्ये नऊ इंचांचं कंपाउंड. दोन्ही घरांत भरभराट होते. फक्त त्याच्याकडे हगवण जरा जास्त असते.

गॅस पाइपाची कथा निराळी. टाकीतला वायू माणसांच्या नाकावरून वर जावा म्हणून हा पाइप असतो. टाकी घराजवळ असेल तर तो घराच्या माथ्याच्याही दोन मीटर वर न्यायचा असतो. पण रंगकाम झाल्यावर तो घरधनिणीच्या डोळ्यांत खुपतो. ‘‘हे काय मध्येच?’’ म्हणून तो कापला जातो आणि नेमका पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीशी येऊन थांबतो. पाहुणे दुसऱ्या दिवशीच निघतात. याच्या उलट, दोन खड्ड्यांच्या साध्या संडासाला या पाइपाची गरजच नसते, कारण वायू आजूबाजूची माती शोषून घेते. पण पाइप नसलेला संडास गावाला अपुरा वाटतो, कळस नसलेल्या देवळासारखा. म्हणून तिथे हौसेने पाइप लावतात, वर जाळीची टोपीसुद्धा घालतात.

सेप्टिक टाकीचा शोध लावणारा गृहस्थ मुळात आपल्या चोवीस वर्षंवाल्या पाहुण्याच्या कुळातलाच. फ्रान्समध्ये 1860 च्या सुमारास झाँ-लुई मुरास याने घराजवळ अशी एक बंद टाकी बांधली. बऱ्याच वर्षांनी ती उघडली, तर आत घट्ट मैला अपेक्षेपेक्षा फारच थोडा, बहुतेक सगळं पाणीच. त्याने पाहुण्यांपुढे मिरवण्याऐवजी एका विज्ञानप्रेमी धर्मगुरूला गाठलं आणि 1881 मध्ये पेटंट घेतलं. पुढे 1895 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन याने ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ केलं. आपणही फार मागे नव्हतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा टाकीतला वायू कामाला लावण्याचे प्रयोग चालले होते.

महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र या विषयात हात घातला तो इंजिनिअरांच्या आधी वेगळ्याच माणसांनी. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे मला सफाईचं काम करू द्या, असा त्यांनी हट्ट धरला. सरकारने उच्चवर्णीय कैद्याला ते काम द्यायचं नाकारलं, अप्पांनी अन्न कमी केलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपास करणारी माणसं या राज्यात होऊन गेली, हे आज एखाद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडास आणि सोनखताचे प्रयोग केले. देहूत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी तोच धागा धरला, संडासाला बायोगॅस जोडला आणि त्या वायूवर गावात चुली पेटवून दाखवल्या. आपण सोडलेल्या वस्तूवर आपलाच चहा उकळायचा, ही कल्पना पचवायला गावाला बराच वेळ लागला असणार. मापुसकरांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

खरं म्हणजे बहुतेक खेड्यांत टाकीची गरजच नसते. दोन खड्ड्यांचा संडास पुरतो. बिंदेश्वर पाठक यांच्या ‘सुलभ’ने 1970 नंतर तो देशभर नेला. मीटरभर व्यासाचे, मीटर-सव्वा मीटर खोल असे दोन खड्डे. भिंती जाळीदार, तळ कच्चा. मध्ये इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचं चेंबर. एक खड्डा वापरायचा, दुसऱ्याचं तोंड बंद ठेवायचं. पाच माणसांच्या घरात पहिला भरायला तीनएक वर्षं लागतात. मग चेंबरमधली वीट या तोंडातून काढून त्या तोंडात बसवायची. दीड-दोन वर्षांत पहिल्या खड्ड्यातल्या मालाचं कोरडं, बिनवासाचं खत होतं. ते काढायला ना गाडी लागते, ना माणूस. फावडं पुरतं.

हे इतकं सोपं आहे म्हणूनच कुणाचा विश्वास बसत नाही. तीन फुटांचा खड्डा बघून म्हातारे विचारतात, ‘‘हा आठवड्याचा का?’’ स्वच्छ भारत अभियानाचं 12,000 रुपयांचं अनुदान घ्यायचं, वर पदरचे 40-50 हजार घालायचे आणि दोनाऐवजी एकच दहा फूट खोल विवर खणायचं, असा प्रकार गावोगाव झाला. कुठे दोन्ही खड्डे बांधले, पण वीट बसवायचीच राहिली, त्यामुळे दोन्ही खड्डे प्रेमाने एकत्र भरले. कुठे दुसऱ्या खड्ड्यात सरपण आहे. आणि खत तयार झालंच, तर ते हातात कोण घेणार? फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या पेयजल आणि स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढून दाखवलं. फोटो छापून आले. गावाने कौतुकाने बघितले आणि म्हटलं, साहेब मोठा माणूस आहे, त्यांना चालतं.

मोठ्या खड्ड्याच्या हौसेमागे निव्वळ मोठेपणा नाही, हे इथे सांगितलं पाहिजे. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी ‘व्हेअर इंडिया गोज’ या पुस्तकात उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल दाखवलंय, की लोक लहान खड्डा टाळतात तो उपसायच्या भीतीने. आणि उपसणं म्हणजे ‘त्यांचं’ काम, ही समजूत त्यामागे असते. टाकी इतकी मोठी बांधायची, की तो प्रश्न आपल्या हयातीत येऊच नये. आपल्याकडे वेगळं काही नाही. ‘माझी हयात गेली तरी भरायची नाही’ या वाक्यात जातीचा केवढा मोठा वाटा आहे, ते बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

कोकणात टाकीची वार्षिक परीक्षा भाद्रपदात असते. जून ते ऑगस्टमध्ये तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडून जमीन आधीच तुडुंब झालेली. वर्षभर घरात आजी-आजोबा दोघंच. आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरभरून चाकरमानी उतरतात. दोन माणसांच्या टाकीवर तीस माणसांचा भार. त्यांत मोदक, काळ्या वाटाण्याची आमटी आणि रात्रभर भजनाबरोबर चहा. शोषखड्ड्याभोवतीची माती म्हणते, मीच पाणी टाकायला जागा शोधतेय. ऋषिपंचमीच्या सकाळी भांड्यातलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर बघू लागतं. मग घरातला वडीलधारा माणूस काठी घेऊन बाथरूममध्ये शिरतो, मुंबईचा इंजिनिअर भाचा मोबाइलवर उपाय शोधतो, आणि म्हातारी परड्याकडे बोट दाखवून म्हणते, ‘‘पूर्वी बरं होतं.’’ तिचं खोटं आहे, पण त्या क्षणी कुणी वाद घालत नाही.

भाचा सुचवतो, ॲसिड ओतू. ओततातही. टाकीचं सगळं काम डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंवर चालतं, आणि बाटल्यांमागून बाटल्या ओतल्यावर पहिला बळी त्यांचाच जातो. नवी टाकी सुरू करताना ती पाण्याने भरून आत थोडं कुजलेलं शेण घालावं, असं मानकातच म्हटलंय. गावात एवढं शेण असताना हे कुणी करत नाही. पण ‘जिवाणूंची पावडर’ तालुक्याच्या दुकानातून सातशे रुपये देऊन आणतात.

शेवटी गाडी बोलवायचं ठरतं. सक्शनची गाडी येते, ड्रायव्हर उतरतो आणि सगळ्यांना गप्प करणारा प्रश्न विचारतो: ‘‘झाकण कुठंय?’’

इथून पुढे ते घर म्हणजे उत्खननाची जागा होते. टाकी आजोबांनी बांधली. आजोबा गेले. वडिलांनी त्यावर अंगण सारवलं, थोरल्याने अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, धाकट्याने ब्लॉकवर पोर्च घातला, सुनेने पोर्चच्या कडेला तुळशीवृंदावन हलवलं. एक म्हणतो फणसाखाली, दुसरा म्हणतो मोरीमागे. गवंडी हयात असतो, पण त्याला ऐकू येत नाही. पहारीने जमीन ठोकून बघतात. ‘बद्द’ आवाज आला की सगळ्यांचे चेहरे उजळतात आणि खणल्यावर जुनं उखळ निघतं. टाकी सापडते ती बहुधा तुळशीच्या बरोबर खाली. मग भटजींना फोन. उघडल्यावर कळतं, की चोवीस वर्षांचा गाळ तळाशी थापून घट्ट झालाय आणि पंपाला तो ओढवत नाही.

नेमक्या याच घटकेला कुणीतरी म्हणतं, ‘‘एक माणूस आत उतरवा की, दोन मिनिटांचं काम.’’ इथे विनोद थांबतो. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. तो हवेपेक्षा जड, आणि जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. माणसाला सावध व्हायला वेळच मिळत नाही. मिथेनही असतो, त्यामुळे काडी ओढून बघणं म्हणजे आगीला आमंत्रण. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. असे मृत्यू महाराष्ट्रातही पुन्हा पुन्हा झालेत. 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूला 10 लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि 2023 मध्ये ती 30 लाखांवर नेली. उतरवणारा मात्र अजूनही दोन मिनिटांचाच हिशेब करतो.

गाडी भरल्यावर कुठे जाते, हे विचारायची गावात रीत नाही. रात्री, ओढ्याकडे, दिवे मालवून. साताऱ्याच्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने निदान यावर उत्तर काढलं. तिथे टाकी भरायची वाट बघत नाहीत. नगरपरिषद दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघर गाडी पाठवते आणि गाळ प्रक्रिया केंद्रात नेते. शहरं लहान, पण डोकं ठिकाणावर. ‘आमची भरलेली नाही’ असं म्हणून गाडी परत पाठवणारे तिथेही भेटले असतीलच. आसपासच्या खेड्यांनाही अशा केंद्रांशी जोडायची योजना आहे. ती जितक्या लवकर होईल तितकं ओढ्यांचं भलं.

जुनी टाकी मोडून नवी घालणाऱ्यांना अलीकडे काळ्या प्लास्टिकच्या तयार टाक्या मिळतात. सकाळी जेसीबीने खड्डा, दुपारी टाकी आत, संध्याकाळी फरशी. काम चोख, गळती नाही. एकच धोका: ऐन पावसाळ्यात, जमिनीत पाणी चढलेलं असताना ती पूर्ण उपसली, तर हलकी झालेली टाकी तळाला काँक्रीटमध्ये नीट जखडलेली नसल्यास पाण्याच्या दाबाने उचलली जाते. पाइप तुटतात, फरशी उचकटते आणि टाकी जमिनीतून डोकं वर काढते. एवढ्यासाठी तरी उपसायचं काम फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान उरकावं. गाडीही चिखलात रुतत नाही.

आणि हे वाचून झाल्यावर एवढं मात्र आजच करा. घराच्या पुढच्या भिंतीपासून टाकीचं झाकण किती फूट, बाजूच्या भिंतीपासून किती, शेवटचं कधी उपसलं, हे सातबाऱ्याच्या फायलीत एका कागदावर लिहून ठेवा. झाकण कुठे आहे तेच माहीत नसेल, तर तुळशीखाली आधी बघा.